दूरनियंत्रित विमान-प्रतिकृती : बिघाड कसा शोधावा?

थर्माकोलच्या पातळ पत्र्यातून पंख कापून, मोटर, बॅटरी व रिसीव्हर बसवून तयार केलेले छोटे विमान वर्गातील टेबलावर बिनचूक चालते. मैदानावर मात्र ते वर चढताच क्षणभर आज्ञा मानीनासे होते आणि कोसळते. ठाणे ते कल्याण या सुमारे २० किलोमीटरच्या लोहमार्गालगत वस्ती दाट आहे. तेथे असे विमान एखाद्याच्या अंगावर किंवा रेल्वेच्या २५,००० व्होल्टच्या तारांवर पडू शकते. म्हणून बिघाड शोधण्याची पद्धत शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

विजेचा दाब प्रथम तपासावा

विमान पडले की दोष बहुधा ट्रान्समीटरला किंवा परिसरातील विद्युत तारांना दिला जातो. प्रत्यक्षात मूळ पुष्कळदा वीजपुरवठ्यात असते. बहुतेक लहान विमानांत मुख्य बॅटरीची वीज वेगनियंत्रकात येते. तो मोटर चालवितो आणि सुमारे ५ व्होल्टची वीज रिसीव्हरला व सुकाणू हलविणाऱ्या सर्व्हो मोटरींना देतो. टेबलावर एका वेळी एकच सर्व्हो हलविला जातो. उड्डाणात सर्व सर्व्हो एकदम काम करतात, प्रवाह वाढतो, दाब घसरतो आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो.

याची परीक्षा सोपी आहे. प्रथम पंखा उतरवून ठेवावा. रिसीव्हरच्या रिकाम्या जागी मल्टिमीटर जोडून सर्व सर्व्हो मिनिटभर एकदम हलवावेत. दाब ठळकपणे उतरत असल्यास अडकलेला सर्व्हो शोधावा किंवा रिसीव्हरसाठी अधिक क्षमतेचा स्वतंत्र पुरवठा योजावा. लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भारित असता ४.२ व्होल्ट दाखवितो. तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

जोड आणि दमट हवा

दुसरी पायरी जोडांची. कोकणच्या पावसाळ्यात पेटीत पडून राहिलेल्या विमानाच्या पिनांवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यानंतर विमान बाहेर काढताना जोड स्वच्छ करावेत. यंत्रणा चालू ठेवून प्रत्येक तार बोटाने हळूच हलवावी. सर्व्हो दचकला तर तेथील जोड कच्चा आहे, असे समजावे.

संदेशाची कसोटी

यानंतरच रेडिओकडे वळावे. आजचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरोघरच्या वायफायचीही हीच पट्टी असली, तरी हे संच वारंवारता बदलत राहून टक्कर टाळतात. तथापि अँटेना बॅटरीच्या किंवा कार्बन तंतूच्या आड आल्यास संदेश क्षीण होतो. संचात दिलेली कमी शक्तीची पल्ला-चाचणी प्रत्यक्ष मैदानावरच घ्यावी. शेवटी, पंखा उतरविलेलाच ठेवून ट्रान्समीटर बंद करावा. मोटर त्वरित थांबली पाहिजे. ती थांबत नसेल तर त्या दिवशी उड्डाण करू नये.

एका वेळी एकच बदल

प्रत्येक तपासणीत एकच भाग बदलावा आणि परिणाम नोंदवहीत लिहावा. बॅटरी, तार व रिसीव्हर एकदम बदलले, तर विमान दुरुस्त होईलही; परंतु दोष कोठे होता हे विद्यार्थ्याला कळणार नाही आणि पुढील वेळी तो पुन्हा चाचपडत राहील. ही शिस्त अंगी बाणली, तर तोच विद्यार्थी उद्या गावच्या पंपाचा बिघाडही शोधू शकेल.

स्थळाची निवड

केंद्र शासनाचे ड्रोन नियम, २०२१ अशा प्रतिकृतींनाही लागू आहेत. विमानतळापासूनच्या अंतरानुसार हवाई क्षेत्राचे लाल, पिवळे व हिरवे भाग केलेले असून, लाल व पिवळ्या भागांत पूर्वपरवानगी लागते. मुंबईच्या विमानतळाबरोबरच ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळही या परिसराला जवळ आहे. म्हणून नकाशा पाहूनच जागा ठरवावी. लोहमार्ग, उच्चदाब वाहिन्या व वस्ती यांपासून दूर असलेले मैदान ठरावीक वेळी उपलब्ध करून दिल्यास ग्रामपंचायतींचे मोठे साहाय्य होईल. तारेत अडकलेले विमान काढण्यासाठी मात्र कोणीही वर चढू नये. वीज मंडळींना किंवा रेल्वेला कळवावे. विमान पुन्हा करता येते.