काटा हलत नसला तरी



"फादर, तीन महिने झाले. रात्रीचा भात सोडला, रोज सकाळी चालायला जाते, तरी वजनाचा काटा आहे तिथेच आहे. मग कशाला करायचं हे?" अशा अर्थाचे बोल आमच्या कानांवर वरचेवर येतात. बोलणाऱ्याला बहुधा डॉक्टरांनी साखरेबद्दल सावध केलेले असते. कष्ट करूनही फळ दिसेना झाले की मन खचते आणि चांगला चाललेला नेम सुटतो. म्हणून या विषयावर आज थोडा विचार करू या.

काटा काय सांगतो?

काटा शरीराचे एकूण वजन सांगतो. त्यात चरबी किती, पाणी किती, स्नायू किती, हे तो सांगत नाही. सुके मासे, लोणचे, पापड जास्त झाले की मिठामुळे अंगात पाणी साठते आणि दुसऱ्या दिवशी काटा किलोभर पुढे जाऊ शकतो. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीच्या आधीही असे होते. शिवाय वजन थोडे उतरले की शरीराला पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरते, त्यामुळे काही काळ वजन थबकते.

आपल्याच देशातील एक अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा ३ वर्षे पाठपुरावा करून त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांनी सातत्याने मार्गदर्शन घेऊन आहार सुधारला व चालण्याचा नेम ठेवला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाचे वजन फारसे घटले नव्हते. काटा जवळजवळ स्थिर असतानाही त्यांच्या शरीरात हित घडत होते.

चिकाटी हा सद्गुण

संत थॉमस अक्वायनस यांनी चिकाटीला स्वतंत्र सद्गुण मानले आहे. त्यांचे म्हणणे असे की, चांगले काम मुळात कठीण असतेच, पण ते दीर्घकाळ करत राहणे ही वेगळी अडचण असते आणि तिला तोंड देण्यासाठी वेगळे बळ लागते. खादाडपणाविषयीही ते सांगतात की, हा दोष खाण्याच्या बेताल वासनेत असतो. याचा अर्थ, सडपातळ मनुष्यही खादाड असू शकतो आणि स्थूल मनुष्य संयमी असू शकतो. तेव्हा लग्नाच्या पंगतीत कुणाच्या शरीरावरून थट्टा करण्यापूर्वी आपण थांबावे. संत पौल शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो (१ करिंथ ६:१९). मंदिराची निगा राखायची असते; त्याची थोरवी किलोंत मोजत नाहीत.

संत मार्कच्या शुभवर्तमानात (४:२६-२९) प्रभू येशू एका शेतकऱ्याचा दाखला देतो. तो बी पेरतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी मात्र त्याच्या नकळत वाढत राहते. आपल्या वाडीत केळ लावणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. घड बाहेर पडायला कित्येक महिने जातात. तोवर तो पाणी देतो, तण काढतो. मुळे वाढली का, हे पाहण्यासाठी कंद उकरत नाही. पाणी घालणे आपल्या हाती आहे, वाढ देवाच्या हाती.

घरी काय करता येईल?

१. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी करावे. रोज काट्यावर उभे राहू नये.

२. महिन्यातून एकदा टेपने कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा डॉक्टर सांगतात.

३. इतर खुणांकडे लक्ष द्यावे. जिना चढताना धाप कमी लागते का? झोप चांगली लागते का? तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी काय सांगते?

४. रात्री आत्मपरीक्षण करताना स्वतःला विचारावे, "आज ठरवलेले केले का?" चुकले असेल तर उद्या पुन्हा सुरुवात करावी.

५. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. जोडीदाराबरोबर जपमाळेची पाच रहस्ये म्हणत चालले तर वेळ कसा गेला ते कळत नाही. आईसाठी वेगळे ताट वाढण्यापेक्षा सर्व घराने तसेच जेवावे.

६. उपाशी राहू नये व गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. थायरॉइडमुळे किंवा काही औषधांमुळेही वजन उतरत नाही, म्हणून डॉक्टरांना अवश्य विचारावे.

प्रार्थनेचेही असेच असते. वर्षानुवर्षे मिस्साला येऊनही आपला राग गेला नाही, असे वाटून कुणी यायचे थांबवू नये. घरच्यांना कदाचित आपल्यातला बदल आधीच दिसला असेल.

चिंतनासाठी : फळ दिसत नाही म्हणून अलीकडे आपण कोणता चांगला नेम सोडला? या आठवड्यात तो पुन्हा कधी सुरू करणार?

प्रार्थना : हे प्रभो, तू दिलेल्या या शरीराची निगा राखायला आम्हांला धीर दे. फळ दिसत नाही त्या दिवसांतही आमचे पाऊल थांबू देऊ नकोस. आमेन.