उपचारातील गुंतागुंतीचा आढावा आणि रुग्णाचा सहभाग

शस्त्रक्रियेनंतर जखम पिकणे, बाळंतपणात अतिरक्तस्राव होणे, औषधाची रिॲक्शन येणे, यांना उपचारातील गुंतागुंत म्हणतात. काही गुंतागुंती सर्व काळजी घेऊनही होतात, तर काही टाळता येण्याजोग्या असतात. हा फरक ओळखण्यासाठी मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांच्या आढावा बैठका होतात. तेथे केसपेपर असतो, तपासण्यांचे रिपोर्ट असतात. बहुधा नसतो तो रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक. त्याला तेथे स्थान का असावे, याचा विचार आपण येथे करू.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी, प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले हे वर्षभरानंतर तपासावे, असा आग्रह धरला. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या छोट्या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत १२३ चुका झाल्याचे त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. परंतु आजच्या आढावा बैठकांचे मूळ त्यांच्या कार्यात मानले जाते. रुग्ण मात्र पुढेही तपासला जाणाराच राहिला, सांगणारा झाला नाही. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन पाळते. २०२३ साली त्याचा विषयच रुग्णांचा सहभाग हा होता.

आपल्या देशातील उदाहरण

केंद्र सरकारने २०१० मध्ये मातामृत्यू आढाव्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०१७ मध्ये ती सुधारली. गरोदरपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत गरोदरपणाशी संबंधित कारणाने स्त्री दगावल्यास तो मातामृत्यू होय. अशा मृत्यूचा आढावा रुग्णालयात होतोच. शिवाय नातेवाइकांकडून सविस्तर हकिकत घेतली जाते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत नातेवाइकांना बोलावण्याचीही तरतूद आहे. कोणावर दोष ठेवणे हा याचा हेतू नसून पुढचा मृत्यू टाळणे हा आहे.

नातेवाइकांचे सांगणे का हवे? मातामृत्यूमागे तीन विलंब सांगितले जातात : दवाखान्यात नेण्याचा निर्णय घेण्यातला, तेथे पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. केसपेपर रुग्णालयाच्या दारापासून सुरू होतो. म्हणून पहिले दोन विलंब त्यात क्वचितच दिसतात. तिसराही कधी कधी दिसत नाही. समजा, केसपेपरवर दाखल झाल्याची वेळ रात्री ११ ची आहे. सासू सांगते, "साहेब, आम्ही नऊलाच आलो होतो. बाहेर बाकावर बसवून ठेवलं." अतिरक्तस्रावात दोन तासांतही जीव जाऊ शकतो. ही गोष्ट त्या माउलीला विचारल्याशिवाय कोणत्याही समितीला कळणार नाही.

आक्षेप आणि उत्तर

नातेवाईक आले तर भांडण होईल, डॉक्टर मोकळेपणाने बोलणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. म्हणून प्रथम नातेवाइकांचे शांतपणे ऐकावे, वैद्यकीय चर्चा नंतर करावी आणि काय निष्पन्न झाले व काय बदल केला ते त्यांना सोप्या मराठीत कळवावे. दुःखातील माणसावर येण्याची सक्ती नसावी. तसेच, आढाव्यात भाग घेतला म्हणून तक्रार करण्याचा त्याचा हक्क संपत नाही.

आपण काय करावे?

१) उपचारांच्या नोंदींची प्रत मागावी. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
२) केव्हा पोहोचलो, कोणी तपासले, काय सांगितले, हे त्याच दिवशी वेळेसह लिहून ठेवावे.
३) गुंतागुंत झाल्यास आढावा घेणार का आणि आमचे म्हणणे ऐकणार का, असे लेखी अर्जाने विचारावे.
४) विद्यार्थ्यांनी वस्तीतील निरक्षर वडीलधाऱ्यांना असा अर्ज लिहून द्यावा व गरज पडल्यास सोबत जावे.

आपल्यापैकी अनेकांचे उपचार सरकारी रुग्णालयात होतात. तेथे डॉक्टरांवर ताण मोठा असतो, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याने सोसले त्याचे म्हणणे ऐकण्यास फार पैसा लागत नाही. गेलेला जीव परत येत नाही. त्याच चुकीने दुसरा जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.