ब्लॉक की म्यूट?

"ब्लॉक कर ना, विषय संपला!" सोशल मीडियावर कोणी त्रास देतंय असं मैत्रिणीने सांगितलं की आपण बहुतेकजण हाच सल्ला देतो. पण मित्रांनो, विषय खरंच संपतो का? आपण इंजिनिअरिंगवाले. बटण दाबल्यावर आत काय होतं हे आपण नाही बघायचं तर कोणी?

आधी फरक समजून घेऊ. म्यूट म्हणजे रिसीव्हरला लावलेला फिल्टर. समोरचा लिहीतच राहतो, फक्त आपल्याला दिसत नाही आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ब्लॉक म्हणजे वायरच कापणं. त्याला मेसेज किंवा कमेंट करता येत नाही. तसं नोटिफिकेशन जात नाही, पण प्रोफाइल शोधायला गेला की त्याला कळतंच.

आणि हे "कळणं" फार महत्त्वाचं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये ट्विटरने ब्लॉकचं रूपांतर जवळजवळ म्यूटमध्ये केलं. कारण काय, तर ब्लॉक केल्याचं कळलं की काही लोक चवताळून सूड घेतात. पण युजर्स इतके भडकले की त्याच दिवशी बदल मागे घ्यावा लागला. छळ करणाऱ्याला आमचं सगळं वाचता येईल आणि आम्हीच डोळे मिटून बसायचं, हा कुठला न्याय? शेवटी मे २०१४ मध्ये म्यूट हे वेगळं बटण आलं. गंमत म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये एक्सने (म्हणजे तेच ट्विटर) ब्लॉक केलेल्यांनाही पब्लिक पोस्ट वाचायची मुभा दिली!

इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये मधला मार्ग काढला, 'रिस्ट्रिक्ट'. त्या माणसाची कमेंट फक्त त्यालाच दिसते, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातो आणि आपण तो वाचला की नाही हे त्याला कळत नाही. त्रास देणारा आपल्याच वर्गात असेल, रोज प्रॅक्टिकलला समोर येत असेल, तर ब्लॉक केल्याने भांडण वाढायची भीती असते. तिथे हे उपयोगी पडतं.

पण ह्या सगळ्यांना मर्यादा आहेत. ब्लॉक केलेला नवीन अकाउंट काढून येतो. म्यूट केलेल्याने आपला पत्ता किंवा फोटो टाकला तर जगाला दिसतो, आपल्यालाच दिसत नाही. २०१४ च्या 'गेमरगेट' प्रकरणात व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातल्या बायकांवर अकाउंट्सच्या झुंडी तुटून पडल्या. अशा वेळी एकेकाला ब्लॉक करणं म्हणजे चमच्याने पूर उपसणं! फिल्टर आपल्या बाजूला बसतो, ट्रान्समीटर चालूच राहतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत तक्रार. स्पष्ट नकार देऊनही मुलीला परत परत मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बटण म्हणजे कडी. दाराला ती हवीच. पण बाहेर कोणी दगड मारत असेल तर "कडी लाव" एवढंच सांगून शेजाऱ्यांनी झोपायचं नसतं. तेव्हा पुढच्या वेळी मैत्रिणीने सांगितलं तर "ब्लॉक कर" म्हणून मोकळे होऊ नका. "स्क्रीनशॉट काढलास का? मी येते तुझ्याबरोबर," असं म्हणा.