वैशाखातील गोदावरी : मासे, शिंपले आणि पाखरे

नांदूर मध्यमेश्वरची सहल म्हटली म्हणजे ती नाताळच्या सुटीत काढावयाची, असा आपल्याकडे जणू दंडकच पडून गेला आहे. त्या दिवसांत हवा सुखद असते, आणि उत्तरेकडून आलेली थापट्या, तलवार बदक, चक्रवाक इत्यादी पाखरे तेथे थव्याथव्यांनी उतरलेली असतात. उन्हाळ्यात तिकडे फिरकणारे विरळाच. तथापि ज्यास नदीचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने वैशाखातच तेथे जावे असे आम्हांस वाटते. पुढील वर्षी नदीत मासे किती असतील, शिंपले राहतील की नाही, आणि त्यांवर जगणाऱ्या पाखरांस पोटभर मिळेल की नाही, या सर्वांचा निकाल पाऊस पडण्यापूर्वीच्या सहा-सात आठवड्यांतच बहुतांशी लागून गेलेला असतो.

प्रथम स्थळाची थोडी माहिती दिली पाहिजे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहर ओलांडून निफाड तालुक्यात शिरते. तेथे तिला दारणा मिळते, आणि नांदूर मध्यमेश्वर येथे कादवा मिळते. या दुसऱ्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी एक बंधारा बांधण्यात आला व त्यापासून उजवा व डावा असे दोन कालवे कोपरगावच्या बाजूस नेण्यात आले. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. पाणी साठविण्याच्या दृष्टीने ही हानीच होय. परंतु त्या गाळानेच उथळ पाणी, चिखलाची बेटे व पाणवनस्पतींची दाटी निर्माण केली, आणि जेथे इंजिनियरांचे नुकसान झाले तेथे पाखरांचा लाभ झाला! सन १९८६ मध्ये हा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढे रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या यादीत महाराष्ट्रातून पहिला मान यालाच मिळाला व २०२० च्या जानेवारीत ही गोष्ट सर्वत्र प्रसिद्ध झाली. त्या यादीत त्याचे क्षेत्र १४३७ हेक्टर दिलेले आहे.

आता उन्हाळ्यात पाण्याचे काय होते ते पाहू. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसातच. उलटपक्षी, उष्णतेने माशाच्या शरीराचे व्यापार जलद होऊ लागतात व त्याची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे मिळकत घटावी आणि खर्च वाढावा, असा हा प्रसंग आहे. त्यात पुन्हा रात्री पाणवनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट त्याही तो वापरतात. म्हणून पहाटेची वेळ माशांस सर्वांत कठीण जाते. मे महिन्यात सूर्योदयापूर्वी एखाद्या डोहाच्या काठी उभे राहिल्यास पृष्ठभागावर तोंडे काढून श्वासासाठी धडपडणारे मासे दिसतात. मरळ व शिंगी या जातींस मात्र ही चिंता फारशी नसते. त्यांना हवेतील प्राणवायू घेता येतो, आणि म्हणूनच चिखल झालेल्या डबक्यातही त्या तग धरून राहतात.

नदी आटू लागली की ती अखंड राहत नाही. वाळूचे व खडकांचे पट्टे उघडे पडतात आणि मध्ये मध्ये डोह शिल्लक राहतात. वाम, शिवडा, मरळ, तसेच बीज सोडून वाढविलेले रोहू, कटला व मृगळ हे सारे त्या डोहांत गोळा होतात. मासे धरणारास याहून सोयीचा काळ कोणता? अभयारण्याबाहेरच्या पात्रात भोई व कोळी मंडळी तिन्हीसांजेस किंवा पहाटे पाग फेकतात, कोणी रात्रभर जाळे लावून ठेवतात. गालील समुद्रावरील कोळी रात्रभर कष्ट करीत असत हे शुभवर्तमान वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. रात्री जाळे माशास दिसत नाही, हे तेथील कोळ्यांप्रमाणे येथील भोयांसही शाळेत न जाता कळलेले असते. पाग फेकून पोट भरणाऱ्या माणसाने नदी ओस पडते, असे आम्ही मानीत नाही. खरा घात सुरुंगाची दारू व विष यांनी होतो. त्यांनी लहान-मोठा असा भेद न राहता डोहच्या डोह निर्जीव होतो. सन १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने हे दोन्ही प्रकार गुन्हा ठरविले आहेत. तरीसुद्धा ते समूळ नाहीसे झाले असे म्हणवत नाही.

शिंपल्यांची गोष्ट याहूनही नवलाची आहे. गुडघाभर पाण्यात पायांनी चिखल चाचपून शिंपले काढणारी बायका-मुले तुम्ही पाहिली असतील. उन्हाळ्यात हे काम सोपे जाते, कारण शिंपला आपल्या मांसल पायाने सरकतो तेव्हा गाळावर त्याची चर उमटते व उथळ पाण्यात ती वरूनच दिसते. पाणी पार हटले म्हणजे तो गाळात शिरून शिंपा घट्ट मिटून घेतो आणि ओल टिकेल तोवर वाट पाहतो. हा प्राणी सदोदित पाणी आत घेऊन, त्यातील सूक्ष्म कण गाळून, ते पुन्हा बाहेर सोडीत असतो. अर्थात तो नदीचे पाणी फुकट गाळून देणारा चाकरच होय. याच कारणास्तव, जेथे शहराचे सांडपाणी मिसळते तेथील शिंपले खाण्यात धोका आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. उकळण्याने रोगजंतू मरतील, परंतु शिंपल्याच्या मांसात साठलेले जड धातू त्याने जात नाहीत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. गोड्या पाण्यातील शिंपल्याची पिले प्रथम आईच्या कल्ल्यांत वाढतात. पाण्यात सुटल्यावर ही अतिसूक्ष्म पिले एखाद्या माशाच्या कल्ल्यांस किंवा परांस चिकटतात, काही दिवस वा आठवडे त्यावर राहतात, आणि मग तळाशी गळून पडून स्वतंत्र आयुष्य सुरू करतात. मासा मिळाला नाही तर ती मरतात. तेव्हा ज्या डोहातील मासे वैशाखात निःशेष झाले, तेथे आज शिंपले भरपूर दिसत असले तरी ते म्हातारेच होत जाणार, त्यांच्यामागे वंश उरणार नाही.

शिंपल्यांचा दुसरा गिऱ्हाईक म्हणजे मुग्धबलाक. या करकोच्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. या फटीत तो गोगलगाईचा शंख अडकित्त्यासारखा फोडतो अशी जुनी समजूत होती. परंतु निरीक्षणाने आढळले ते असे की, खालच्या चोचीचे टोक आत घालून तो स्नायू कापतो व मांस अलगद ओढून घेतो. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर शराटी, चमचा, शेकाट्या, निरनिराळे बगळे आणि हा मुग्धबलाक चरताना दिसतात. जांभळी पाणकोंबडी गवतात वावरते. नदीसुरय तर उन्हाळ्यातच वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालतो. येथे एक अडचण आहे. शेतीसाठी वरच्या धरणांतून पाण्याचे आवर्तन सुटले म्हणजे पात्रातील पाणी एकाएकी चढते, आणि अशा सखल बेटावरील अंडी त्याखाली जातात. शेतकऱ्यास पाणी हवेच. पाखरास थोडे उंच बेट मिळाले तर दोघांचेही भागेल.

पाहावयास जाणाराने सकाळी ६ ते ९ हा समय साधावा. पुढे उन्हाच्या झळांनी दुर्बिणीतील चित्र थरथरू लागते. सूर्य पाठीशी राहील असे बसावे, भडक कपडे टाळावेत व बेटांवर पाऊल ठेवू नये. नाशिकहून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटर आहे. चापडगावाजवळ पाखरे पाहण्यासाठी मनोरे बांधलेले आहेत. आसपास उसाची शेते आहेत आणि त्यांत बिबट्याचा वावर असतो, म्हणून मुलांनी एकट्याने जाऊ नये.

या सर्व प्राण्यांत आपल्या जिल्ह्यातील एका गावाचे नाव धारण करणारी एक मासोळी आहे, ती मात्र दुर्बिणीने दिसणारी नव्हे. सन १९३८ मध्ये होरा व मिश्रा या शास्त्रज्ञांनी देवळाली येथील एका लहानशा माशाचे वर्णन प्रसिद्ध केले व मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेचे क्युरेटर प्रेटर यांच्या स्मरणार्थ नव्हे, तर त्यांच्या हयातीतच त्यांच्या सन्मानार्थ, त्यास ‘प्रेटरी’ हे नाव दिले. इंग्रजीत तो देवळालीच्याच नावाने ओळखला जातो. बोटाएवढा हा मासा दगडगोट्यांच्या वाहत्या पाण्यातला. तोंडाखालच्या चिकट गादीने तो दगडास धरून राहतो. आज तो अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो, आणि रामसरच्या नोंदीत नांदूर मध्यमेश्वरच्या वर्णनात त्याचा उल्लेख आहे. सांडपाणी व जलपर्णी यांनी ज्या पात्राचा श्वास कोंडला, तेथे अशा माशाने कोठे राहावे?

जूनमध्ये पहिला पूर येतो तेव्हा डोहांत उरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात व अंडी घालतात. समुद्रावर याच हेतूने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते. नदीच्या काठी मात्र त्याच दिवसांत चढणीचे मासे धरण्याची झुंबड उडते, आणि पोटात अंडी असलेली मादी बाजारात अधिक भावाने विकली जाते, ही आम्हांस खेदाची गोष्ट वाटते. मरळीचे जोडपे आपल्या लालसर पिलांच्या थव्याभोवती पहारा करीत असते. ते जोडपे उचलले की सारा थवा इतर माशांच्या तोंडी पडतो.

सुटीत विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या डोहाकाठी एक खूण केलेली काठी रोवावी, दर आठवड्यास पाण्याची उंची सेंटिमीटरांत लिहावी, पहाटे व दुपारी पाण्याची उष्णता मोजावी, आणि पृष्ठभागावर मासे तोंड काढताना दिसल्यास वेळ नोंदवावी. पहिल्या पुरानंतर दोन आठवड्यांनी त्याच जागी जाऊन मरळीचा लालसर थवा दिसतो का ते पाहावे व नोंदवही शाळा उघडताच विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावी.