उघड कोणतें, शोध कोणता?

खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्यास येणारी मालमोटार पाहिली म्हणजे वजन हा वाहनाचा केवढा शत्रु आहे, हें सहज ध्यानांत येतें. एखादा भाग हलका झाला तर इंधन वांचतें. परंतु तो दुबळा झाला तर उतारावर प्राणावर बेततें. म्हणून हलका पण बळकट भाग घडविणारा मनुष्य पेटंटाची मागणी करतो.

समजा, एकानें पोलादी आधारपट्टीस भोकें पाडून ती हलकी केली. हा शोध होय काय? पट्टी नवी असेल. पण केवळ नवेपणा पुरेसा नाहीं. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणें अशा कृतींत तांत्रिक प्रगति किंवा आर्थिक महत्त्व असावें लागतें, आणि शिवाय ती त्या विषयांतील जाणत्यास उघड नसावी लागते. भोकांनीं वजन घटतें हें प्रत्येक लोहार जाणतो. तेवढ्यानें भागत नाहीं. मात्र जेथें भोंक पाडल्यास पट्टी तुटेल असें जाणते म्हणत होते, तेथेंच तें पाडूनहि ती टिकली, तर गोष्ट निराळी.

मिर्झापूरच्या एका भांड्यांच्या कारखान्याचा खटला येथें बोधप्रद आहे. लेथवर भांडें धरून ठेवण्याच्या साधनाचें त्याचें पेटंट सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं अग्राह्य ठरविलें. कारण ती जुन्या साधनांत केलेली कारखान्यांतील साधी सुधारणा होती. न्यायालयानें कसोटीहि सांगितली: पूर्वीचें ज्ञान कुशल कारागिराच्या हातीं द्यावें, अडचण सांगावी, पण नवा शोध मात्र त्यास दाखवूं नये, मग त्यास उत्तर सुचतें काय तें पाहावें.

निर्णय सोपा नसतो. आकुर्डीच्या बजाज ऑटोनें दोन स्पार्क प्लगांच्या इंजिनाच्या पेटंटावरून टीव्हीएस कंपनीशीं वाद मांडला. १६ सप्टेंबर २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पेटंटाच्या ग्राह्यतेचा निकाल न देतां, विक्रीचा हिशेब ठेवण्याच्या अटीवर टीव्हीएसला गाड्या विकूं दिल्या.

गणिताच्या पुस्तकामागील उत्तर पाहून "हें तर मलाहि आलें असतें" असें आपण म्हणतों. त्यांतलाच हा मोह आहे. उघड गोष्टीस पेटंट दिलें तर वीस वर्षेंपर्यंत इतर कारागिरांचे हात बांधले जातात; खऱ्या शोधास नाकारलें तर शोधकाचे श्रम लुटले जातात. म्हणून दुसऱ्याच्या कृतीस सोपी म्हणण्यापूर्वीं, ती न पाहतां आपणांस सुचली असती काय, हें प्रामाणिकपणें स्वतःस विचारावें.