श्वासपटल कमी हललं, म्हणजे दुबळं झालं का?

सीओपीडीच्या रुग्णाच्या सोनोग्राफी अहवालात ‘श्वासपटलाची हालचाल कमी’ असं दिसलं, की वाचणारा मनातल्या मनात ‘स्नायू दुबळा’ असं जोडून मोकळा होतो. छातीच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी ही घाई टाळावी, असं मला ठामपणे वाटतं. या आजारात हवा आत अडकते, फुफ्फुसं फुगलेलीच राहतात आणि एरवी घुमटासारखं वर असलेलं श्वासपटल आधीच खाली दबून सपाट होतं. जायला जागाच नसेल तर ते हलणार किती? निरोगी माणसात खोल श्वासाला ते साधारण ५ ते ७ सेंटिमीटर सरकतं. इथे हे अंतर घटतं, पण त्यावरून स्नायूच्या ताकदीपेक्षा अडकलेल्या हवेचाच अंदाज जास्त येतो. सिमिलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली मानेतल्या फ्रेनिक नसेला उत्तेजन देऊन दाब मोजला. फुफ्फुसात हवा सारखीच असताना या रुग्णांचं श्वासपटल निरोगी माणसांच्या मागे नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, हालचाल सोडा, जाडी मोजा. स्नायू आकुंचन पावला की जाड होतोच. मुद्दा बरोबर आहे, अडचण आकड्यांची आहे. श्वास सोडल्यावर २ मिलिमीटर आणि भरून घेतल्यावर २.६ मिलिमीटर जाडी असेल, तर वाढ ३० टक्के. पहिली खूण ०.२ मिलिमीटरने चुकून १.८ वर पडली, तर तोच स्नायू ४४ टक्क्यांवर जातो! शिवाय रुग्णाने जोर किती लावला, हे पडद्यावर उमटत नाही. म्हणून ही तपासणी निरुपयोगी ठरत नाही. एक बाजू निपचित असेल, हुंगताना उलट वर जात असेल, किंवा जाडी २० टक्केही वाढत नसेल, तर श्वासपटलाच्या लकव्याची शंका घ्यायलाच हवी; त्यासाठी किरणोत्सर्ग नसलेलं, खाटेजवळ नेता येणारं इतकं सोपं साधन दुसरं नाही.

अहवालात रुग्ण बसलेला होता की झोपलेला, बाजू कोणती, श्वास शांत की खोल, हे लिहा आणि तीन मोजमापांची सरासरी द्या. सोबत तोंडाने हवा ओढण्याचा कमाल दाब पाहा. ती सोय नसेल तर ‘हालचाल कमी’ एवढंच लिहून थांबा. ‘दुबळा’ शिक्का बसला, की रुग्णाच्या हाती श्वासाच्या व्यायामाचं उपकरण येतं आणि अडकलेली हवा कमी करू शकणारा इनहेलर तो नीट ओढतो का, हे पाहायचं राहून जातं.