लोकरीचा रंग पक्का का होत नाही?

नैसर्गिक रंगात रंगविलेल्या लोकरीच्या शाली, आसने व गालिचे यांना आज चांगले गिऱ्हाईक आहे. १९९४ साली जर्मनीने आणि १९९७ साली भारत सरकारने काही घातक ॲझो रंगांवर बंदी घातली. तेव्हापासून परदेशी खरेदीदारही रंगाबद्दल बारकाईने विचारू लागले. परंतु याच मालाबद्दल एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो की, दोन धुण्यांत रंग उतरला. मग दोष मंजिष्ठेला किंवा डाळिंबाच्या सालीला दिला जातो. आमच्या मते बहुतेक वेळा रंग निर्दोष असतो. लोकरच रंगासाठी तयार केलेली नसते.

ही तयारी म्हणजे रंगबंधक देणे. लोकर केसांसारखीच प्रथिनांची बनलेली असते. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने लोकरीच्या तंतूला धरते व दुसऱ्या बाजूने रंगाला. हा दुवा नसेल तर रंग नुसता वर बसतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. (नीळ याला अपवाद आहे, तिला रंगबंधक लागत नाही.) सुती कापडाचे काम करणारे आपले भाऊ येथे फसतात. सूत तुरटी सहज धरत नाही, म्हणून त्याला आधी हिरडा द्यावा लागतो आणि सोड्याचे उकळते पाणीही ते सोसते. लोकरीला हिरड्याची गरज नाही आणि सोडा तर तिचा नाश करतो.

पहिले काम वजनाचे. सर्व हिशेब कोरड्या लोकरीवर करावा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पिऊनही हाताला कोरडीच लागते! ओलसर माल तोलला तर तुरटीचे माप चुकते, आणि विकताना तोलला तर गिऱ्हाइकाचे नुकसान होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली आणि त्यांनी त्या विक्रेत्याला जाब विचारला, ही हदीस आपणा सर्वांना माहीत आहे. लोकरीच्या व्यापाऱ्याने ती विशेष लक्षात ठेवावी.

नंतर रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात लोकर बुडवून तिचा तेलकटपणा काढावा. चोळू नये. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकू नये, नाहीतर लोकर आटून तिचा नमदा होतो.

एक किलो लोकरीस १२० ग्रॅम तुरटी व ६० ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर घ्यावे. ही दुसरी वस्तू बेकरीचे सामान विकणाऱ्यांकडे मिळते. तिने लोकर मऊ राहते व रंग उजळ येतो. दोन्ही आधी वेगळ्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मग स्टीलच्या मोठ्या पातेल्यात २५ ते ३० लिटर कोमट पाण्यात मिसळावीत. भिजवून ठेवलेल्या लच्छ्या त्यात सैल सोडाव्यात. तासाभरात हळूहळू ८० ते ८५ अंशांपर्यंत आणावे, तेथे एक तास ठेवावे, उकळी येऊ देऊ नये. लोकर त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यावी. सकाळी हलके खळबळून घ्यावी, कारण न चिकटलेली तुरटी राहिली तर तिच्यावरचा रंग पुढे हाताला लागतो.

इंधन वाचविण्यासाठी हा तास अर्ध्यावर आणणारे पुष्कळ आहेत. काही जण भरपाई म्हणून तुरटी दुप्पट टाकतात. त्याने लोकर चिकट व खरखरीत होते, रंग मात्र पक्का होत नाही.

लोखंडी कढई कटाक्षाने टाळावी. लोह हेही रंगबंधकच आहे, पण ते रंग काळवंडते. कच्छमधील धमडका गावच्या खत्री रंगाऱ्यांना याचा मोठा फटका बसला. २००१ च्या भूकंपानंतर तेथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. ते पाणी रंगकामाला निरुपयोगी ठरले, म्हणून अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसविले. मुद्दाम गडद छटा हवी असेल तर रंगविल्यानंतर किलोमागे २० ग्रॅम हिराकस पुरते. डाळिंबाचा पिवळा त्याने राखाडी-हिरवट होतो, मंजिष्ठेचा लाल जांभळट-तपकिरी होतो. अधिक घातल्यास लोकर ठिसूळ बनते.

पोटॅशियम डायक्रोमेटने रंग झकास येतो असे सांगणारे भेटतील. ते विषारी असून त्याने कर्करोग होतो. कामगाराच्या हाताने असा फायदा घेऊ नये. हळदीचा रंगही पक्का म्हणून विकू नये; तुरटी दिली तरी तो उन्हात उडतो.

माल देण्यापूर्वी पांढरा सुती रुमाल ओला करून लोकरीवर घासावा. एक नमुना अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवावा. प्रत्येक घाणीची एक वीतभर लोकर वहीत चिकटवून शेजारी तारीख, वजन, तुरटी व पाणी कोणत्या विहिरीचे हे लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी तोच गिऱ्हाईक तीच छटा मागायला येतो, तेव्हा ही वही लागते.